ओसरीवरची बिछायत

वेळ नदीच्या काठचे केंदूर हे शिरूर तालुक्यातील जुने, नांदते गाव. कान्हुराज महाराज पाठकांचे म्हणून वारकऱ्यांना ते परिचित, आणि पाबळ व लोणी यांच्याबरोबर बाजीरावाने मस्तानीस इनाम दिलेल्या गावांपैकी एक म्हणून इतिहासाच्या वाचकांना. अशा गावातील घराच्या ओसरीवर काय अंथरावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक खरा. परंतु घरची जमीन, त्या मुलखाची हवा, आल्यागेल्याचा मानमरातब आणि पंचक्रोशीत चरणारे मेंढरू यांचा निवाडा एकाच वेळी ज्यात होत असे, असा व्यवहार ग्रामजीवनात मला दुसरा आठवत नाही.

शेणाने सारवलेली जमीन उन्हाळ्यात पायांना सुखावते. पावसाळ्यात मात्र ती ओल धरते, आणि तिच्यावर गुबगुबीत गालिचा घालावा तर खालून वाळवी व वरून कसर यांनी त्याची चाळणी व्हावयास विलंब लागत नाही. म्हणून येथली पहिली बिछायत घोंगडीची. दख्खनी मेंढीची लोकर राठ, केसाळ आणि बहुधा काळी. काळ्यावर दुसरा रंग चढत नाही, तेव्हा नक्षीचा मोह विणकराने मुळातच सोडलेला. धनगराने लोकर कातरावी, ती पिंजून बायकांनी तिचे सूत काढावे, आणि सनगराने ताणा उघड्यावर ताणून, त्याला कुंच्याने चिंचोक्याची खळ चोपडून, मग खड्ड्याच्या मागावर पट्टी विणावी, असा हा क्रम. खळीमुळे नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते, पाठीला टोचते, आणि तिला लोकरीचा व चिंचोक्याचा मिळून एक उग्र वास येतो. तो वास ज्याच्या लहानपणात मिसळला आहे त्याला तो कस्तुरीहून कमी वाटत नाही. वर्षा-दोन वर्षांच्या वापराने ती मऊ पडते. कोकरांच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची, म्हणजे जावळाची, घोंगडी आरंभापासूनच मऊ. म्हणून ती महाग, आणि जाणत्या गिऱ्हाइकाचा हात प्रथम तिच्याकडे जाई. पावसाचा शिंतोडा अशा लोकरीवर थेंबाच्या रूपाने ठरतो, आणि धूळ दोन झटक्यांत निघून जाते. अंगावर घ्यावयास, धान्य वाळवावयास आणि पाहुण्यास बसावयास एकच वस्त्र पुरावे, ही काटकसर मला थोर वाटते.

घोंगडीच्या वरची पायरी सतरंजीची. ती सुती, पट्ट्यापट्ट्यांची. नाव शतरंजाच्या पटावरून आलेले. तिच्यावर जाजम, जाजमावर गादी, गादीशी लोड आणि तक्के, अशी बैठक पाटलाच्या किंवा देशमुखाच्या वाड्यात सजे, आणि कोण कोणत्या थरावर बसला यावरून त्याचा दर्जा न बोलता कळे. हे शब्द बहुतेक फारसी अमदानीतले. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत तंबू, कनाती आणि बिछायतीचा फरासखाना हा स्वतंत्र कारखाना होता, आणि बिछायत घालणारा नोकर तो फरास. पुण्यात शनिवारवाड्याजवळच्या पोलीस ठाण्याने ते नाव अद्याप जतन केले आहे. गंमत अशी की आपली दगडी फरशीही त्याच ‘फर्श’ शब्दाची लेक. जमीन आणि तिच्यावरचे आच्छादन यांत भाषेने भेद मानला नाही.

गालिचा हा या शिडीचा शेवट, आणि तो खेड्याच्या घरी क्वचितच पोहोचला. दक्षिणेत त्याची परंपरा होती. विजापूरच्या असर महालातील आदिलशाही काळचे गालिचे त्याची साक्ष आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याशेजारी येरवड्याच्या तुरुंगात त्याच नमुन्यांबरहुकूम कैद्यांच्या हातून गालिचे विणवून घेतले जाऊ लागले. जॉर्ज बर्डवुड यांनी हिंदुस्थानातील कलाकारागिरीवरच्या 1880 च्या आपल्या ग्रंथात तुरुंगातील या विणकामावर कठोर टीका केली, आणि ती मला न्याय्य वाटते. कारण पोट भरण्यासाठी विणणाऱ्या कारागिराने मजुरी न मागणाऱ्या स्पर्धकापुढे टिकावे कसे? पुढे 1907 मध्ये ट्विग या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील गालिच्यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. घोंगडीच्या वाट्याला असे कौतुक फारसे आले नाही, याची मला खंत वाटते.

आज शहाबादी किंवा गुळगुळीत लादीच्या घरात ज्याला गालिचा घ्यावयाचा असेल, त्याने तो अवश्य घ्यावा. मात्र वरचे रंग पाहून भुलू नये. कोपरा उलटावा, पाठीमागच्या गाठी पाहाव्यात. त्या जितक्या दाट व सारख्या, आणि नक्षी मागूनही जितकी स्पष्ट, तितका माल खरा. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग उतरतो का तेही पाहावे. पण ज्याच्या ओसरीवर मुले धुळीच्या पायांनी येतात, ज्वारीची कणसे येऊन पडतात आणि संध्याकाळी चार माणसे टेकतात, त्याने सतरंजी आणि तिच्या जोडीला एक जावळाची घोंगडी ठेवावी, हे मी पूर्ण विश्वासाने सांगेन. घटस्थापनेपूर्वी घरोघरच्या वाकळा, सतरंज्या, घोंगड्या नदीवर धुण्यास नेण्याची आपल्याकडे चाल आहे. त्या दिवशी खडकांवर पसरलेली काळी घोंगडी उन्हात सावकाश वाळते, सायंकाळी तिची घडी होते, आणि घडीच्या पोटात कसरीवर उतारा म्हणून कडुनिंबाचा पाला घातला जातो.