मिठाचा चुलतभाऊ : लिथियमची हकीकत

मंडळी, गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एका आईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुम्ही फार्मसीत आहात म्हणून विचारते. आमचा मुलगा लिथियम घेतो. वर्षभर अगदी छान आहे. आता बंद केलं तर चालेल ना? आणि सारखं रक्त कशाला तपासतात?" हातात ताट घेऊन उत्तर देण्यासारखे हे प्रश्न नव्हते. दोन्हींची उत्तरं त्या औषधाच्या इतिहासातच आहेत, म्हणून इथे लिहिते.

बायपोलर डिसऑर्डरला पूर्वी मॅनिक डिप्रेशन म्हणत. कधी उन्माद, तर कधी अंथरुणातून उठवू नये असं नैराश्य. १९४८ साली मेलबर्नजवळ बंडूरा इथल्या इस्पितळात जॉन केड नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात साडेतीन वर्षं सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांच्या कैदेत काढून आलेले. उन्माद म्हणजे शरीरात साठलेलं काहीतरी विष, असा त्यांचा तर्क. म्हणून रुग्णांची लघवी गिनिपिगना टोचून पाहायची. (नमुने म्हणे घरच्या फ्रिजमध्ये ठेवत. बायकोनं कसं चालवून घेतलं कोण जाणे!) पुढे युरिक ॲसिड नीट विरघळावं म्हणून लिथियमचा क्षार वापरला, तर गिनिपिग एकदम शांत. ते बहुधा विषबाधेनंच सुस्त झाले असावेत, आणि मूळ तर्कही चुकीचाच होता. पण केडनी लिथियम आधी स्वतः घेऊन पाहिलं आणि मग रुग्णांना दिलं.

पहिला रुग्ण ५१ वर्षांचा, पाच वर्षं सतत उन्मादात असलेला. मार्च १९४८ मध्ये औषध सुरू झालं, जुलैत तो घरी गेला आणि जुन्या नोकरीवर रुजू झाला. बरं वाटू लागलं तशी गोळ्यांत हयगय झाली, मग बंदच. जानेवारी १९४९ मध्ये तो परत इस्पितळात. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर पुन्हा सावरला. पण १९५० साली लिथियमच्याच विषबाधेनं तो गेला. कमी पडलं तर आजार, जास्त झालं तर विष, आणि मधली जागा अरुंद. तेव्हा रक्तातलं प्रमाण मोजून औषध देण्याची पद्धतच नव्हती. ती १९५१ च्या सुमारास मेलबर्नमध्येच सुरू झाली.

अमेरिकेत त्याच सुमारास वेगळंच घडलं. सोडियम आणि लिथियम रसायनशास्त्रात एकाच घराण्यातले. हृदयरोग्यांना मीठ बंद, म्हणून मिठाऐवजी लिथियम क्लोराइड बाजारात आलं. माणसं ते जेवणावर भुरभुरवू लागली आणि काही दगावली. मीठ कमी पडलं की मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवतात, आणि त्याच्याबरोबर लिथियमही. म्हणजे ज्यांना ते सर्वांत घातक, त्यांनाच ते मिळालं! १९४९ साली ते बाजारातून काढलं. केड यांचा लेख त्याच वर्षीचा. साहजिकच इथे कुणी लिथियमचं नाव काढेना.

डेन्मार्कच्या मोगेन्स स्काउ यांनी मात्र चिकाटी सोडली नाही. त्यांच्या सख्ख्या भावाला वारंवार नैराश्य येई, तो लिथियमवर बरा राहिला. १९५४ पासून त्यांनी रीतसर चाचण्या केल्या. लिथियम आलेला झटका शमवतं, तसंच पुढचा लांबवतं, हे त्यांनी आणि पॉल बास्ट्रूप यांनी दाखवलं. अमेरिकेत परवानगी मिळाली १९७० साली.

आजही साधारण एका लिटर रक्तात ०.६ ते १.० मिलिमोल ठेवतात; १.५ च्या वर धोका. म्हणून ती सुई. मूत्रपिंडं आणि थायरॉइडही तपासावी लागतात. उलट्या-जुलाब, भर उन्हाळ्यातला घाम, निर्जळी उपवास, डोकेदुखीसाठी घेतलेली आयबुप्रोफेन, या सगळ्यांनी प्रमाण वर चढू शकतं. आणि बंद करायचं की नाही, ते डॉक्टरांबरोबर बसूनच ठरवायचं. एकदम थांबवलं तर झटका उलटून येण्याची भीती मोठी.

जाता जाता त्या आई म्हणाल्या, "ह्यांना बीपी निघालं ना, गेल्या आठवड्यापासून घरात सगळ्यांचंच आळणी केलंय." तेवढं मात्र मी रांगेतच सांगितलं : उद्या सकाळी आधी मुलाच्या डॉक्टरांना फोन करा.