पायाखालची स्प्रिंग: एका हलक्या एक्सलेटरची गोष्ट

आजचा विषय आहे एक स्प्रिंग. हो, फक्त स्प्रिंग. जुन्या डिझेल ट्रकच्या एक्सलेटरवरून पाय उचलला की पेडल मागे आणते ती. माझा दिवस कोड लिहिण्यात जातो, पण गेले दोन महिने डोक्यात हीच आहे. कारण माझ्या मामाची ४०७.

मामा पौडजवळ राहतो, तांदळाची पोती आणि विटा वाहतो. एका गॅरेजमधून काम करून आणल्यापासून गाडीचं एक्सलेटर एकदम लोण्यासारखं झालं होतं. ऐकायला छान वाटतं ना? पण ताम्हिणीकडच्या रस्त्यावर पावसाळ्यात चालवून बघा. खड्ड्यात केबिन उडते, तिच्याबरोबर पाय उडतो, पाय परत पेडलवर आदळतो, गाडी झटका मारते, त्या झटक्याने पाय पुन्हा हलतो. म्हणजे रेस मामा देत नाही, रस्ताच देतोय! घाटात वळणावर, मागे तीन टन माल असताना, हे गमतीचं राहत नाही. वर पाय सतत अधांतरी धरून पोटरी भरून येते ती वेगळीच.

आता थोडं मागे जाऊ. पायाने रेस द्यायची ही पद्धत सुरुवातीपासून नव्हती. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीला तीन पेडल होती, पण त्यात एक्सलेटर नव्हतंच. रेस हाताने, स्टिअरिंगजवळच्या दांडीने. आज आपल्याला माहीत असलेली क्लच-ब्रेक-एक्सलेटर ही मांडणी १९१६ च्या कॅडिलॅकमध्ये दिसते.

डिझेलची कथा निराळी आहे. पेट्रोल इंजिनात पेडल दाबलं की हवेची झडप उघडते. डिझेलमध्ये पेडल बोलतं ते थेट पंपाशी. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये असे पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले आणि डिझेल ट्रक खऱ्या अर्थाने रस्त्यावर आला. पंपात एक दातेरी पट्टी असते, रॅक. ती सरकली की प्रत्येक सिलिंडरला जाणारं डिझेल कमी-जास्त होतं. रॅकवर लक्ष ठेवायला गव्हर्नर.

इथे खरी गंमत आहे. गव्हर्नर ढोबळमानाने दोन जातींचे. एका जातीत पेडल 'इंजिन किती वेगाने फिरू दे' एवढंच सांगतं. डिझेल किती सोडायचं ते गव्हर्नर ठरवतो आणि त्याची आतली स्प्रिंग पायालाही जाणवते. दुसरी जात फक्त दोन टोकं सांभाळते: आयडलिंगला इंजिन बंद पडू नये आणि वर फार पळू नये. मधल्या पट्ट्यात पेडल थेट रॅक हलवतं. अशा गाडीत पायाला लागणारा जोर बहुतेक बाहेरच्या रिटर्न स्प्रिंगचाच. ती ढिली झाली, किंवा कुणी हाताला लागेल ती मऊ स्प्रिंग टाकली, की पायाची प्रत्येक थरथर डिझेल बनून इंजिनात जाते.

आपल्याकडे हे तंत्र आलं कसं? टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. बॉशची मायको १९५१ पासून होती. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला, टाटाचा 'टी' आला. पुढे पुण्याचा कारखाना उभा राहिला आणि १९८६ मध्ये ४०७ आली. (मुळशीचं आणि टाटांचं नातं याहून जुनं. १९२१ चा धरणाविरुद्धचा सत्याग्रह, सेनापती बापट. त्यावर स्वतंत्र भाग करायचाय.)

मग हलकं पेडल जड कसं करायचं? काही जण सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधतात. रबर डिझेलने सुजतं, उन्हाने तडकतं, एक दिवस तुटतं. काही जण पेडलचा पिनच आवळतात, म्हणजे घर्षण वाढवतात. पाय हलत नाही, बरं वाटतं. पण घर्षण पेडलला जाताना अडवतं तसंच परत येतानाही अडवतं! जानेवारी २०१० मध्ये टोयोटाने अमेरिकेत तेवीस लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या, त्या याच गोष्टीपायी. ती पेडल इलेक्ट्रॉनिक, केबल नाहीच, म्हणून पायाला जोर जाणवावा यासाठी आत मुद्दाम घर्षणाचा भाग बसवला होता. तो झिजला की पेडल अडकायचं किंवा हळू परत यायचं. उपाय काय केला? स्टीलची एक छोटी पट्टी बसवली.

म्हणून मामाच्या गाडीला आम्ही स्प्रिंगच बदलली. आधी जुन्या मिस्त्रींनी केबल आणि बुश तपासले, कारण पेडल हलकं वाटण्यामागे कधी कधी नुसती ढिलाई असते. मग स्प्रिंगचा हुक पंपाच्या लिव्हरवर पिनपासून चार सेंटिमीटरवर होता, तो सहावर नेला. तीच स्प्रिंग, तोच ताण, पण परत फिरवणारा जोर दीडपट. लिव्हर दाबल्यावर ती ताणलीही जास्त जाते, म्हणून पूर्ण रेस मिळते का आणि स्प्रिंग कुठे घासत नाही ना, हे बघायलाच लागतं.

स्प्रिंग पेडलवर नको, पंपाच्या लिव्हरवर हवी, हे मिस्त्रींनी मला दोनदा सांगितलं. केबल तुटली तर पेडलची स्प्रिंग फक्त पेडलला मागे आणेल, पंप उघडाच राहील. अमेरिकेत १९७३ पासूनचा नियम तर सांगतो की एक्सलेटर परत आणायला किमान दोन स्वतंत्र जोर हवेत. आमच्या कामात आपण याला बॅकअप म्हणतो.

मामाच्या पंपावर आता दोन स्प्रिंगा आहेत. बसवल्यावर मिस्त्रींनी इंजिन बंद ठेवून एक काढली, लिव्हर हाताने पूर्ण ओढून सोडलं. खट्ट करून आयडलिंगच्या बोल्टवर आलं. ती लावली, दुसरी काढली, परत तेच केलं. मग म्हणाले, आता भात भर आणि जा.