शिवेपर्यंतचा कायदा

१९९७ साली डॉली मेंढीची बातमी आली तेव्हापासून मानवी क्लोनिंगवर कायद्याने बंदी असावी, अशी मागणी होत आली. ८ मार्च २००५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सरसकट मनाईचा जाहीरनामा ८४ विरुद्ध ३४ मतांनी संमत झाला. भारताचे मत विरोधात पडले. माणसाची प्रत काढण्याची मोकळीक आपल्याला हवी होती असे नव्हे. उपचारांसाठीच्या संशोधनाचे दारही त्यासोबत लागत होते. आजही आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई आहे. अशा बंदीची किंमत अजमावायची तर एक जुना अनुभव हाताशी आहे, तोही शिवेपलीकडचा.

गर्भजल परीक्षा आली गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी. तिने लिंगही कळते म्हटल्यावर ती कशासाठी वापरली गेली, ते सांगायला नको. १९७८ साली केंद्राने सरकारी रुग्णालयांत लिंगनिदान थांबवले, तर धंदा खासगी दवाखान्यांत गेला. स्त्री-संघटनांनी आवाज उठवल्यावर १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. पण राज्याचा कायदा राज्यापुरता. किनवट १९५६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. ते महाराष्ट्रात गेले, आपण आंध्रात राहिलो. सोयरीक तुटली नाही, पण किनवटच्या घरी जो गुन्हा, तो आदिलाबादच्या व्याह्यांकडे गुन्हा नव्हता. भाषावार प्रांतरचनेच्या हिशेबात हे कोणी धरत नाही! केंद्राचा कायदा १९९४ चा, लागू झाला १ जानेवारी १९९६ रोजी. मधली साडेसात वर्षे तशीच गेली.

महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. कायद्यामुळे मुली घटल्या असे कोणी म्हणणार नाही. कायद्याने घट थांबली नाही, एवढे मात्र दिसते. अंमलबजावणीसाठी ‘सेहत’, ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज यांना २००० साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. २००३ साली कायदा कडक झाला.

कडक झाल्यावर दुसरीच किंमत पुढे आली, आणि मला ती अधिक बोचते. गर्भपाताला १९७१ च्या कायद्याची मुभा आहे. पण लिंगनिदानाच्या खटल्याच्या धास्तीने तीन महिने उलटलेल्या स्त्रीला, कारण कायदेशीर असूनही, काही डॉक्टर परत पाठवतात. सोनोग्राफीचा फॉर्म ‘एफ’ बारकाईने भरला जातो. परत गेलेल्या बाईसाठी मात्र कुठलाच फॉर्म नाही.