परवाना कोणाचा आणि दंड कोणाला?

दारू असावी की नसावी, या वादात आज आम्ही शिरणार नाही. त्यावर आजवर पुष्कळ बोलून झाले आहे आणि पुढेही होईल. आमचा प्रश्न त्याहून लहान आहे. सरकारने ज्याला दारू विकण्याचा परवाना दिला, त्याच्या दुकानातून ती अजाण पोराला विकली गेली, तर जाब कोणाला विचारायचा? गल्ल्यावर उभ्या असलेल्या नोकराला, की भिंतीवर चौकटीत लावलेल्या परवान्यावर ज्याचे नाव आहे त्याला?

या प्रश्नाने आमचा पिच्छा पुरवला, त्याला एक निमित्त झाले. काही वर्षांपूर्वी दारूच्या एका दुकानातला नोकर आमच्या युनियनच्या कचेरीत आला. शाळेच्या पोरांना बिअर विकताना त्याला पकडले होते. मालकाने तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे हात वर केले, आणि त्याच संध्याकाळी नोकराला काढून टाकले. तो आम्हांला म्हणाला, "भाऊ, बाटली मी दिली, हे खोटं कशाला बोलू? पण गिऱ्हाईक परत पाठवलं तर शेठ रात्री हिशेबाला बसल्यावर शिव्या घालतात. मग मी करायचं काय?" त्याचा थकलेला पगार आम्ही मिळवून दिला, नोकरी मात्र परत मिळवून देता आली नाही. दुकान दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे उघडले.

आम्ही काही कॉलेजात गेलेली माणसे नव्हेत. जे काही शिकलो ते पाळी संपल्यावर, नगरवाचनालयाच्या दिव्याखाली. तेथेच या परवान्याचे मूळ शोधू लागलो आणि इंग्लंडात जाऊन पोहोचलो. आपल्याकडच्या दारू-परवान्याची चौकट इंग्रजी अमदानीतच बसली. मुंबई आबकारी कायदा १८७८ चा. परंतु इंग्रजांनी घरी एक रीत ठेवली आणि येथे दुसरी आणली. येथे त्यांचा डोळा महसुलावर होता. गुत्त्याचा लिलाव व्हायचा आणि चढी बोली बोलणाऱ्याला मक्ता मिळायचा. तिकडे मात्र १५५२ सालापासूनच असे ठरले होते की, बिअरचे दुकान चालवायचे तर दोन न्यायाधिकाऱ्यांची अनुज्ञा हवी आणि चांगल्या वर्तणुकीबद्दल जामीन हवा. म्हणजे पैसा पुरेसा नव्हे, माणूस बरा आहे असे गावातल्या कोणीतरी म्हटले पाहिजे. पुढे १८३० मध्ये पार्लमेंटने ही रीत मोडून पाहिली. दोन गिनी भरा आणि बिअर विका, असा कायदा झाला. गल्लोगल्ली गुत्ते निघाले. ती चूक निस्तरून बिअरची दुकाने पुन्हा मॅजिस्ट्रेटांच्या हाताखाली आणायला १८६९ साल उजाडावे लागले.

मुलांचा प्रश्न या इतिहासात फार उशिरा येतो. लंडनपुरता एक पोलिस कायदा १८३९ मध्ये झाला. सोळा वर्षांखालच्या मुलांना दुकानात बसून पिण्यासाठी कडक दारू देऊ नये, असे त्यात होते. १८७२ मध्ये हाच नियम अधिक व्यापक झाला. १८८६ मध्ये तेरा वर्षांखालच्या मुलांना जागेवर पिण्यासाठी कोणतीच दारू विकायची नाही असे ठरले. पण घरी न्यायची असेल तर? कामावरून आलेला बाप पोराच्या हातात जग देई, आणि पोरगे कोपऱ्यावरून बिअर भरून आणी, वाटेत दोन घोटही घेई. यात हसण्यासारखे काही नाही. आमच्या लहानपणी देशी दारूच्या दुकानातून वडिलांसाठी नवटाक आणायला गेलेली पोरे आम्ही पाहिली आहेत. इंग्लंडात १९०१ च्या कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांच्या हाती मोकळ्या भांड्यातून दारू देणे बंद झाले, फक्त सीलबंद बाटलीला सवलत राहिली. अठरा वर्षांची मर्यादा आली १९२३ मध्ये, आणि तीही फक्त दुकानात बसून पिण्यापुरती. ते बिल मांडले होते लेडी ॲस्टर यांनी. १९१९ पासून पार्लमेंटात प्रत्यक्ष बसू लागलेल्या त्या पहिल्या स्त्री सभासद. पक्षाने त्या आमच्या नव्हेत, पण हे श्रेय त्यांचेच आहे.

आता ज्या एका शब्दाने हा सारा इतिहास अडवून धरला, त्याकडे श्रोत्यांचे लक्ष वेधावेसे वाटते. तो शब्द म्हणजे 'जाणूनबुजून'. १८३९ च्या कायद्यात तो आहे, १८८६ च्या कायद्यात आहे, आणि १९६४ मध्ये सगळे परवाना-कायदे एकत्र केले तेव्हाही तो जागचा हलला नाही. अल्पवयीनाला 'जाणूनबुजून' दारू विकू नये! ज्याला ठाऊकच नव्हते तो गुन्हेगार कसा? आणि ठाऊक होते हे सिद्ध कोणी करायचे? मालक तर माडीवर झोपलेला. ठाऊक असण्याचा संभव फक्त एकालाच, गल्ल्यावरच्या माणसाला. हा शब्द तेथे सुमारे दीडशे वर्षे टिकला. १९८८ च्या दुरुस्तीने तो गेला, आणि आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे दाखवण्याचा भार विकणाऱ्या बाजूवर आला. आमच्या मते ही दुरुस्ती मोठमोठ्या कायद्यांपेक्षा मोलाची आहे, जरी इतिहासाच्या पुस्तकांत तिला एक ओळही मिळत नाही.

दुसरा प्रश्न परवान्याच्या मालकीचा. दुकानदार म्हणत, परवाना ही आमची मिळकत आहे. दरवर्षी नवा करून मिळतो तो आमचा हक्क आहे. हा वाद १८९१ मध्ये लॉर्डांच्या सभेपुढे गेला. वेस्टमोरलंड परगण्यातल्या केंटमियर या आडगावी एक खानावळवजा गुत्ता होता. गाव दूर, पोलिसांची देखरेख नाही, आणि तेथे गुत्त्याची गरजही नाही, असे म्हणून मॅजिस्ट्रेटांनी परवाना नवा करण्याचे नाकारले. मालकीणबाई शेवटपर्यंत लढल्या आणि हरल्या. परवाना वर्षाचा आहे, वर्ष संपले की अधिकारी पुन्हा विचार करू शकतात, असे लॉर्डांनी ठरवले. दारूवाल्यांत मोठी खळबळ उडाली. अखेर १९०४ मध्ये कायदा झाला की, गैरवर्तन नसताना परवाना गेला तर नुकसानभरपाई मिळेल, आणि तिचा पैसा दारूच्या धंद्याकडूनच वसूल होईल. गैरवर्तनाने गेला तर छदामही नाही. परवाना दिला जातो तो वागणुकीच्या अटीवर, ही गोष्ट तेव्हा लेखी आली.

पुढचा टप्पा २००३ चा. त्या वर्षीच्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये साडेचारशे वर्षांची रीत बदलली आणि परवाने मॅजिस्ट्रेटांकडून नगरपालिकांकडे गेले. ठरावीक मुदतीचे नूतनीकरण गेले. त्याच्या जागी आली फेरतपासणी. पोलिस, वजनमापे पाहणारे खाते किंवा शेजारचा रहिवासी, कोणीही अर्ज करावा. मग नगरपालिका दुकानाच्या दारावर फिकट निळ्या कागदावर नोटीस लावते, ती अठ्ठावीस दिवस राहते, आणि जाणारायेणारा ती वाचतो. नंतर सुनावणी होते. समिती नव्या अटी घालू शकते, देखरेख करणारा बदलायला लावू शकते, तीन महिन्यांपर्यंत परवाना तहकूब करू शकते किंवा रद्द करू शकते. २०१२ पासून तर अर्जदार शेजारीच हवा ही अटही उरली नाही. कायद्याने परवान्याची जी चार उद्दिष्टे सांगितली, त्यांतले एक म्हणजे मुलांना अपायापासून जपणे.

विक्री पकडतात कशी, तेही सांगतो. खात्याचे लोक एखाद्या अल्पवयीन मुलाला त्याच्या आईबापांच्या संमतीने दुकानात पाठवतात. वय विचारले तर त्याने खोटे बोलायचे नसते. बाटली हाती पडली की अधिकारी आत येतात. आणि येथेच आमच्यातला कामगार अस्वस्थ होतो! कारण त्या क्षणी पहिला दंड होतो तो विकणाऱ्या हाताला. जागच्या जागी नव्वद पौंड, गल्ल्यावर उभ्या असलेल्या मुलीच्या पगारातून. परवानाधारकाला वेगळा गुन्हा लागू करणारे कलम २००६ च्या कायद्याने आले, तेही तीन महिन्यांत तीनदा विक्री झाली तर. २००९ च्या कायद्याने तिनाचे दोन केले. मालकाच्या दारापर्यंत खरोखर पोहोचणारी गोष्ट एकच, ती ही फेरतपासणी. दंड खर्चात धरता येतो. बंद दुकान कोणत्या खात्यावर मांडणार?

नॉटिंगहॅमशायरमधले वर्कसॉप हे कोळशाच्या खाणींच्या मुलखातले गाव. गावच्या खाणी १९९४ पर्यंत मिटल्या. तेथल्या एका दारूच्या दुकानातून अल्पवयीनांना विक्री झाली, तेव्हा बॅसेटलॉ नगरपालिकेने फेरतपासणी करून परवाना एक महिना तहकूब केला. मालक अपिलात गेला. खालच्या कोर्टाने तहकुबी काढून टाकली. नगरपालिका गप्प बसली नाही, वरिष्ठ न्यायालयात गेली, आणि २००८ मध्ये तिच्या बाजूने निर्णय झाला. न्यायालयाने सांगितले की, अशा प्रकरणात एका दुकानदाराला पुढे कसे वळण लावावे एवढेच पाहून भागत नाही, इतर दुकानदारांना जरब बसते की नाही हेही पाहिले पाहिजे. एक महिन्याच्या कुलपासाठी एका लहान नगरपालिकेने एवढी धाव घेतली, हे आम्हांला फार आवडले. या कायद्यातला एक दोषही सांगून ठेवतो. अपील चालू असेपर्यंत परवाना शाबूत राहतो आणि विक्री चालू राहते. आमच्या कामगाराचे निलंबन मात्र हुकूम हाती पडताच लागू होते!

आपल्याकडे काय? १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या ५४ व्या कलमात परवाना तहकूब वा रद्द करण्याचा अधिकार आहेच. महाराष्ट्रात वयाची अट इंग्लंडहूनही कडक आहे, दारूला पंचवीस आणि बिअरला एकवीस. बायकांनी मतदान करून बाटली आडवी करायची सोयही आहे. एक चतुर्थांश स्त्री-मतदारांनी मागणी केली की मतदान होते, आणि या हक्काने कितीतरी दुकाने बंद झाली. पण तो प्रश्न दुकान हवे की नको, असा सरसकट असतो. अमुक दिवशी अमुक पोराला बाटली दिलीस, त्याचा जबाब दे, असे मालकाला सर्वांदेखत विचारण्याची जागा तेथे नाही. शेजाऱ्याने अर्ज करावा आणि वाट पाहावी. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीखाली एक तरुण आणि एक तरुणी ठार झाली. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता आणि त्याआधी त्याला मद्यालयांत दारू मिळाली होती, असे पोलिसांनी सांगितले. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमाने दोन मद्यालयांना सील लागले. निळा कागद दारावर लागायचा तो अशा पहाटेच्या आधी.

आणखी एक गोष्ट आम्हां कामगारांची. वय विचारले की गिऱ्हाईक चिडते. इंग्लंडातल्या बहुतेक मोठ्या दुकानांत पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाकडे दाखला मागायचा, अशी शिस्त आहे, आणि तो मागणाऱ्या पोरीला शिव्या आणि कधी मारही खावा लागतो. तिकडच्या दुकान-कामगारांच्या युनियनने हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. स्कॉटलंडमध्ये २०२१ साली कायदा झाला की, दुकान-कामगारावर हल्ला हा स्वतंत्र गुन्हा, आणि वयाची अट पाळताना हल्ला झाला असेल तर तो अधिक गंभीर.

आमच्या युनियनने गेल्या वर्षी दुकान-कामगारांच्या मागणीपत्रात एक कलम घातले आहे. वयाबद्दल शंका येऊन नोकराने गिऱ्हाईक परत पाठवले, तर त्याचा पगार कापू नये, त्याला कामावरून कमी करू नये, आणि तशी लेखी सूचना मालकाने स्वतःच्या सहीने गल्ल्याजवळ लावावी. बाकीच्या बऱ्याच मागण्यांवर मालकमंडळी बोलायला तयार आहेत. या कलमावर, आणि विशेषतः त्या सहीवर, बोलणी अडली आहेत. पुढची बैठक याच महिन्यात आहे.