स्वयंचालकाचे हेलकावे

पॅरिसजवळ सेन नदीच्या काठी बेझाँ येथे 18 जून 1914 रोजी जो प्रकार घडला, तो विमानविद्येच्या बहुतेक इतिहासांत मोठ्या थाटाने सांगितलेला आढळतो. लॉरेन्स स्पेरी हा अवघ्या एकवीस वर्षांचा अमेरिकन तरुण आपले कर्टिस बनावटीचे पाणविमान परीक्षकांसमोरून नेत असता दोन्ही हात वर करून उभा राहिला, त्याचा यंत्रकारागीर एमिल काशँ पंखावर चालत बाहेर गेला, आणि त्याच्या भाराने कलू पाहणारे विमान जायरोस्कोपांच्या हुकमतीखाली आपोआप पुन्हा समतल झाले. सुरक्षित विमानाच्या त्या स्पर्धेचे 50,000 फ्रँकांचे पारितोषिक स्पेरीने मिळविले. या प्रसंगाचे कौतुक करण्यात गैर काही नाही. तथापि यंत्र प्रथम सरळ केव्हा चालले याची तारीख-वार नोंद ठेवणारे इतिहासकार ते हेलकावे का खाऊ लागते ही चौकशी मात्र परिशिष्टात ढकलतात, हे मला नेहमीच थोडे अन्यायाचे वाटत आले आहे. कारण स्वयंनियंत्रणाची विद्या मोठ्या अंशी त्या चौकशीतूनच वाढली. आणि ज्याने हौसेने स्वतःच्या हातांनी छोटे विमान बांधले, त्यात ऑटोपायलट बसविला, व आता ज्याच्या विमानाचे नाक काही सेकंदांच्या अंतराने वर-खाली होऊ लागले आहे, तो गृहस्थ ज्या कोड्यापुढे बसला आहे, ते दीडशे वर्षांहून जुने आहे.

या चौकशीचे एक आद्य प्रकरण आकाशातले नव्हे, पाण्याखालचे आहे. एड्रियाटिक समुद्राच्या काठी, तेव्हा ऑस्ट्रियाच्या अंमलाखाली असलेल्या फियुमे बंदरात, रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज यंत्रज्ञाने 1866 मध्ये दाबलेल्या हवेवर चालणारा पाणतीर सिद्ध केला. पाणतीराने ठरलेल्या खोलीवरूनच जावे ही त्यातील मुख्य अट; वर आला तर तो शत्रूच्या नजरेस पडणार, आणि फार खाली गेला तर जहाजाच्या तळाखालून बिनदिक्कत निघून जाणार. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, तेव्हा दाबाने सरकणारी एक तबकडी स्प्रिंगच्या विरुद्ध बसवून ती आडव्या सुकाणूला जोडली की काम भागेल, असा त्याचा प्रथमचा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता, अपुरा होता. पाणतीर खोल गेला की तबकडी सुकाणू वर फिरवी आणि तो वर येऊ लागे. परंतु नेमलेली खोली गाठून तबकडी स्वस्थ होईपर्यंत त्याचे नाक चांगलेच वर झालेले असे, आणि त्या भरात मर्यादा ओलांडून तो पृष्ठभागाकडे धावे. मग उलट हुकूम सुटे, आणि तोही तितकाच उशिरा. गावातला दंगा निवळल्यावर जागा होऊन मग शिक्षेची फर्माने सोडीत राहणाऱ्या मामलेदाराची गत त्या तबकडीची झाली होती. अखत्यार तिच्या हाती होता, वर्दी मात्र शिळी होती.

1868 मध्ये व्हाइटहेडने तबकडीच्या जोडीला एक जड लंबक दिला. पाणतीराचे नाक कलताच लंबक झुके, आणि खोली अद्याप सुधारली नसली तरी ती आता सुधारण्याच्या वाटेवर आहे हे जणू ओळखून तबकडीचा हुकूम वेळीच आवरता घेई. ही एवढीशी युक्ती अनेक वर्षे कसोशीने गुप्त राखली गेली. ब्रिटिश आरमाराने 1871 साली 15,000 पौंड मोजून पाणतीराचे जे हक्क घेतले, त्यांतील खरा मुद्देमाल म्हणजे हा लंबक होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच 1868 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने वेगनियामक यंत्रांवरचा आपला निबंध ठेवला, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. जेम्स वॉटने 1788 च्या सुमारास वाफेच्या एंजिनाला गरगरणाऱ्या गोळ्यांचा नियामक बसविला तेव्हापासूनच, एंजिन कधी कधी एका वेगावर स्थिर न होता आळीपाळीने धावते आणि मंदावते, ही तक्रार कारखानदारांच्या परिचयाची होती. ग्रिनिचचा राजज्योतिषी जॉर्ज एअरी याला दुर्बीण ताऱ्यामागे फिरविणाऱ्या घड्याळी यंत्रात तोच दोष आढळला, आणि 1840 मध्ये त्याने त्याचे गणित मांडण्याचा प्रयत्न केला. मॅक्सवेलने पुढचे पाऊल टाकले. अशा यंत्राचे हेलकावे आपोआप विरतील की वाढत जातील, हे केवळ कारागिराच्या बोटांवर सोडण्याची बाब नसून समीकरणाच्या मुळांवरून आधीच सांगता येते, असे त्याने दाखविले. आणि 1877 मध्ये एडवर्ड राउथने ती कसोटी कितीही गुंतागुंतीच्या यंत्रास लागू पडेल इतकी व्यापक केली.

विमानाच्या बाबतीत मात्र आणखी एक पेच होता. कोणतेही स्वयंचालक यंत्र न बसविलेले विमानसुद्धा स्वतःच्या स्वभावानुसार हेलकावे खाते. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज यंत्रज्ञाने 1908 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या संथ दोलनाचे विवेचन केले आहे. नाक किंचित खाली गेले की वेग वाढतो, वेग वाढला की पंखांची उचल वाढून विमान वर चढते, चढताना वेग गमावते, आणि पुन्हा नाक खाली टाकते. उंची आणि वेग यांची ही देवघेव चालू राहते. मौज अशी की, या दोलनाला लागणारा काळ विमानाच्या वजनावर वा आकारावर फारसा अवलंबून नसून मुख्यतः त्याच्या वेगावरच ठरतो. ताशी 200 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानास एका फेऱ्याला सुमारे 25 सेकंद लागतात. हा आकडा विमान बांधणाऱ्याच्या फार उपयोगी पडतो, कारण नाकाची हालचाल इतकी संथ असेल तर संशय प्रथम विमानाच्या स्वभावावर घ्यावा, आणि ती तीन-चार किंवा आठ-दहा सेकंदांची असेल तर ऑटोपायलट, त्याची जोडणी आणि त्याला मिळणारी माहिती यांची झडती घ्यावी.

आता स्पेरीच्या यशाकडे पुन्हा पाहिले म्हणजे त्यातील मर्म निराळेच दिसू लागते. त्याचे जायरोस्कोप उंची मोजीत नव्हते, कल मोजीत होते; म्हणजे व्हाइटहेडच्या लंबकाचे काम त्यांच्याकडे होते, तबकडीचे नव्हते. शिवाय नाक फिरू लागले की शेपटीवरील हवा स्वतःच त्याला विरोध करते, तेव्हा केवळ कल राखणाऱ्या यंत्राचे काम निसर्गच अर्धे हलके करतो. पुढे वैमानिकांनी ठरलेली उंची आपोआप राखण्याची मागणी केली, तेव्हा हवेच्या दाबाने फुगणारी-आकसणारी डबी ऑटोपायलटमध्ये आली. आणि त्या डबीच्या रूपाने फियुमेची तबकडी आपल्या साऱ्या खोडींसह आकाशात दाखल झाली.

या खोडीवरचा शास्त्रशुद्ध इलाज ज्याने लेखनिविष्ट केला, तो निकोलस मिनोर्स्की मूळचा रशियन आरमारातला. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर 1922 मध्ये त्याने जहाजांच्या स्वयंचलित सुकाणूवर निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याची सुरुवात यंत्रापासून नव्हे, तर मुरलेल्या सुकाण्यापासून केली. चांगला सुकाण्या दिशा किती चुकली एवढेच पाहत नाही. ती किती काळ चुकत आली आहे आणि या घटकेला किती झपाट्याने बदलते आहे हेही तो पाहतो, आणि जहाज वळणाच्या भरात असेल तर दिशा सुधारण्यापूर्वीच सुकाणू उलटे धरून तो भर मारतो. न्यू मेक्सिको या युद्धनौकेवर झालेल्या चाचण्यांत या तिसऱ्या घटकावाचून जहाज दोन्ही बाजूंस 2 अंश भरकटत होते. तो घटक जोडताच ही चूक अंशाच्या सहाव्या हिश्शापर्यंत खाली आली. एवढे होऊनही आरमाराने ते यंत्र ठेवून घेतले नाही, कारण खलाशांनाच ते नको होते. सरकारी खात्यांचा शिरस्ता सर्व देशांत सारखाच असावा.

मोठ्या कारखान्यात बनलेल्या विमानाचा मालक या इतिहासापासून बचावला, कारण त्याच्यासाठी सारे मोजमाप कारखान्याने आधीच करून ठेवलेले असते. हौशी बांधणाऱ्यास ती सवलत नाही. अमेरिकेत मिलवॉकी येथे 1953 मध्ये पॉल पोबेरेझ्नी याने अशा हौशी मंडळींची संस्था स्थापन केली, 1970 च्या दशकात रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन आणि बर्ट रुटान यांच्या आराखड्यांनी घरच्या गराजांत विमाने उभी राहू लागली, आणि आपल्याकडे मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनांचे विमान बांधून काढले. अशी दोन विमाने एकाच आराखड्याची असली तरी कधी तंतोतंत सारखी नसतात. म्हणून त्यांच्यासाठी ऑटोपायलट विकणारा कारखानदार आकड्यांचा पल्ला देतो, नेमका आकडा ज्याचा त्याने शोधायचा असतो.

येथे पुष्कळ जण एक चूक करतात. हेलकावे दिसले की ते लगेच यंत्राचा गेन, म्हणजे चुकीला उत्तर देण्याची त्याची तीव्रता, कमी करतात. उत्तर अतिरेकी असेल तर त्याने गुण येतो. पण दोष जोडणीतला असेल तर हेलकावे थांबत नाहीत, फक्त अधिक संथ होतात. एलेव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या आडव्या सुकाणूच्या, दांड्यांचे सांधे घट्ट असतील, तर ऑटोपायलटचा हुकूम बजावणारी सर्व्हो मोटर जोर लावीत राहते, काही काळ काहीच हलत नाही, आणि मग एलेव्हेटर हवे त्याहून जास्त हलतो. सांधे ढिले असतील, तर मोटर प्रथम तो ढिलेपणा भरून काढते आणि तेवढा हुकूम हवेत विरतो. दोन्ही प्रकारांत विमानाला वर्दी उशिरा पोचते. म्हणून प्रथम जमिनीवर, सर्व्होची जोडणी सोडून, काठी दोन बोटांनी पुढे-मागे हलवून पाहावी. ती कोठेही अडू नये. मग सर्व्हो जोडून मोटर रोखून धरावी आणि काठी किंचित हलविताना कोठे खुळखुळ लागते का ते तपासावे. बाहेरच्या हवेचा दाब आत आणणारी नळी गळकी किंवा तुंबलेली असली तर उंचीची खबरच शिळी पोचते, आणि अशा वेळी कोणताही आकडा उपयोगी पडत नाही. नंतर आकाशात ट्रिम साधून ऑटोपायलट बंद करावा व विमान हात न लावता कसे वागते ते पाहावे. त्यानंतर फक्त कल राखण्याची आज्ञा द्यावी, आणि शेवटी उंची राखण्याची. कल राखताना विमान स्वस्थ असेल आणि उंची राखताना डोलू लागत असेल, तर चौकशी अर्ध्याहून अधिक संपली.

एवढे सगळे निर्दोष निघाल्यावरच आकड्यांना हात घालावा, आणि त्यासाठी 1942 मध्ये जॉन झीग्लर व नॅथॅनिएल निकोल्स या दोन अमेरिकन यंत्रज्ञांनी कारखान्यांतील भट्ट्या व टाक्यांसाठी सांगितलेली रीत अजून कामास येते. गेन क्रमाक्रमाने वाढवीत न्यावा, हेलकावे न वाढता न विरता एकसारखे चालू राहतील तो आकडा टिपून ठेवावा, आणि नुसत्या चुकीच्या प्रमाणात उत्तर देणाऱ्या यंत्रासाठी त्याचा निम्मा आकडा कायम करावा. विमानात मात्र एक पथ्य पाळावे लागते: एलेव्हेटरचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा उतरणीच्या मंद वेगात सुस्त वाटणारा आकडा प्रवासाच्या वेगात उतावीळ ठरू शकतो, आणि त्यामुळे जाणते बांधणारे ही चाचणी भरवेगात, पुरेशी उंची राखून, शांत हवेत, सकाळच्या पहिल्या प्रहरीच उरकून घेतात.