झे. बदली

आमच्या अहमदपुरात फलंदाजीवर कुणी वाद घालत नाही. फलंदाजी आपल्याला येतेच, याबद्दल गावात एकमत आहे. कव्हर ड्राइव्ह कसा मारावा हे नांदेड-लातूर रस्त्यावर एस.टी.ची वाट पाहणारा कुठलाही उतारू हातातल्या छत्रीने दाखवून देतो. गोलंदाजीबद्दलही मतभेद नाहीत. आपला गोलंदाज मार खायला लागला की त्याला कालच काढायला हवा होता, हे सर्वांना मान्य असतं. वाद पेटतो तो दोनच प्रश्नांवर : सीमारेषेवर उभं कुणाला करायचं, आणि बाहेर बाकावर बसवायचं कुणाला.

स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर या दोन प्रश्नांचे दोन पक्ष आहेत. क्षेत्ररक्षण पक्षाचे अध्यक्ष एक निवृत्त गुरुजी. उभ्या नोकरीत त्यांनी पोरांना ओणवं उभं केलं, त्यामुळे वाकणाऱ्या माणसाबद्दल त्यांना उपजत आदर आहे. "वाकता येत नाही त्याला खेळवायचंच कशाला ओ?" हा या पक्षाचा जाहीरनामा. राखीव पक्षाचे पुढारी म्हणजे मेडिकलवाले शेटजी. त्यांच्या मते दुकान काउंटरवरच्या मालावर चालत नाही, मागच्या फळीवर काय आहे त्यावर चालतं. "गिऱ्हाईक मागायलंय ती गोळी संपली, तर दुसऱ्या कंपनीची तीच गोळी पायजे की नको? टीमचं पण तसंच राहतंय बघा."

मी या वादात पंच आहे. याचं एक कारण म्हणजे मी बदलीवर आलेला बँकेचा माणूस. माझं मत दोन्ही पक्षांना सारखंच बिनमहत्त्वाचं वाटतं. दुसरं कारण मी टपरीवर बरेच दिवस सांगितलं नव्हतं. कॉलेजात मी सलग तीन वर्षं बारावा गडी होतो. ते पुढे येईलच.

गुरुजींचा इतिहास २५ जून १९३२ या दिवशी सुरू होतो. लॉर्ड्सचं मैदान, आपला पहिला कसोटी सामना, कप्तान सी. के. नायडू. महंमद निसारने सटक्लिफ आणि होम्स यांच्या यष्ट्या उडवल्या आणि मलायातून आलेल्या लालसिंगने चपळाईने वूलीला धावबाद केलं. इंग्लंड ३ बाद १९! गुरुजी हा आकडा सांगून चहाचा घोट घेतात, तो अशा थाटात की फेक त्यांनीच केली होती. पुढे तो सामना आपण १५८ धावांनी हरलो, पण तेवढ्यात दुसरा घोट सुरू झालेला असतो.

"मग त्या लालसिंगला पुढं किती टेस्ट दिल्या ओ?" शेटजी विचारतात.

"एकच," गुरुजींना कबूल करावं लागतं.

"बघा! बसविलंच की नाही बाहेर?"

इतिहासाची हीच गंमत आहे. एकच दाखला दोन्ही वकिलांना चालतो.

त्यानंतर बरीच वर्षं आपल्याकडे क्षेत्ररक्षणाला भांडी घासण्याचा दर्जा होता. व्हायला पाहिजे, पण आपण करायला नको. हा दर्जा थोडा वर आणला टायगर पतौडीने. १९६१ साली मोटार अपघातात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली आणि १९६२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो भारताचा कप्तान झाला. एका डोळ्याचा माणूस कव्हरमध्ये उभा राहून चेंडू अडवतो म्हटल्यावर दोन डोळेवाल्यांना सबब राहिली नाही.

मग आला एकनाथ सोलकर. हे नाव निघालं की शेटजीही टोपी सावरून बसतात. वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची निगा राखणारे. पोरगा त्याच मैदानावर वाढला. सोलकर उभा राहायचा शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाने खिशातून रुमाल काढला तर आपल्या नाकाला लागेल इतक्या जवळ. डोक्यावर हेल्मेट नाही. २७ कसोट्यांत ५३ झेल! बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन या चौघांच्या बळींच्या यादीत सोलकरचे हात मिसळलेले आहेत, हे गुरुजी दर आठवड्याला सांगतात आणि ते खरंच आहे. फिरकी गोलंदाज फलंदाजाला फसवतो, पण फसलेल्या फलंदाजाला जमिनीच्या वर पकडणारा कुणी नसेल तर त्या फसवणुकीचा पंचनामा होत नाही.

या पक्षाचा सण म्हणजे २४ ऑगस्ट १९७१. त्या दिवशी गणेशचतुर्थी होती. ओव्हलवर भारताने इंग्लंडला चार गडी राखून हरवलं आणि त्यांच्या भूमीवर प्रथमच कसोटी जिंकली. कप्तान अजित वाडेकर. दुसऱ्या डावात इंग्लंड सर्वबाद १०१, चंद्रशेखर ३८ धावांत ६ बळी. वेंकटच्या चेंडूवर सोलकरने अॅलन नॉटचा जो झेल घेतला, तो गुरुजी टपरीच्या बाकावर अर्धे आडवे होऊन दाखवतात. मामा (म्हणजे टपरीचे मालक) त्या वेळी कपबशा बाजूला घेतात.

आता माझी बँकेतली खोड सांगतो. कागद हातात आला की मी आधी सह्या तपासतो. त्या १०१ धावांचं धावफलक मी एकदा व्हाउचर तपासावं तसं तपासलं. झे. वेंकट, झे. सोलकर, पुन्हा झे. सोलकर, झे. मांकड... सगळं ठीक. पण डॉलिव्हेरापुढे काय लिहिलंय? "झे. बदली, गो. वेंकटराघवन, १७." एवढ्या ऐतिहासिक कागदावर एक नोंद बिनसहीची!

हा बदली म्हणजे के. जयंतीलाल, आपल्या शेजारच्या हैदराबादचा सलामीचा फलंदाज. त्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये, किंग्स्टनला, तो एकमेव कसोटी खेळला होता. त्या सामन्यात सुनील गावसकरचं बोट दुखावलेलं होतं. पुढच्या सामन्यापर्यंत बोट बरं झालं आणि गावसकरने चार कसोटींत ७७४ धावा काढल्या. जयंतीलालच्या खात्यावर राहिली एक कसोटी आणि ५ धावा. ओव्हलला तो अकरांत नव्हता. कुणाच्या तरी जागी घटकाभर मैदानात आला, क्रीजवर रुजत चाललेल्या डॉलिव्हेराचा झेल घेतला आणि पुन्हा बाहेर गेला. म्हणजे क्षेत्ररक्षणही त्याचंच आणि राखीव फळीही त्याचीच. हा शोध मी टपरीवर मांडला, तेव्हा दोन्ही पक्षांनी जयंतीलालवर हक्क सांगितला आणि वाद होता तिथेच राहिला.

शेटजींचा इतिहास मुंबईच्या रणजी संघाने सुरू होतो. १९५८-५९ ते १९७२-७३, ओळीने पंधरा वर्षं करंडक मुंबईकडे! बिनीचे खेळाडू भारतातर्फे खेळायला गेले तरी फरक पडायचा नाही, कारण मागची फळी भरलेली. त्या पंधराव्या अंतिम सामन्यात, मद्रासला, पद्माकर शिवलकरने एका डावात १६ धावांत ८ बळी घेतले.

"याला म्हणायचं स्टॉक!" शेटजी.

"आणि त्या शिवलकरला टेस्ट किती?" गुरुजी.

शेटजी गप्प. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, कसोटी एकही नाही, कारण त्याच काळात तेच काम करणारा बिशनसिंग बेदी होता. हरियाणाच्या राजिंदर गोयलची तीच कथा : रणजीत विक्रमी ६३७ बळी, कसोटी शून्य.

"माल भरून ठेविलाव तुम्ही," गुरुजी म्हणाले, "पण फळीवरच एक्स्पायरी झाली की ओ त्याची!"

मेडिकलवाल्याला हा शब्द फार लागतो. त्या दिवशी शेटजी अर्धा चहा टाकून दुकानावर गेले. वादात गुरुजी जिंकले, पण त्यांनाही तो विजय गोड लागलेला दिसला नाही. माणसांना एक्स्पायरीची तारीख असते हे निवृत्त माणसाला शेटजींपेक्षा जास्त ठाऊक असतं.

मला तर ठाऊक होतंच. बाराव्या गड्याची कामं क्रिकेटच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाहीत. पाणी नेणे, वहीत धावा मांडणे, सायकलींवर लक्ष ठेवणे आणि खेळणाऱ्यांची घड्याळं सांभाळणे. तिसऱ्या वर्षी एका अंतिम सामन्यात आमच्या एका गड्याच्या पोटरीत गोळा आला. कप्तानाने मला हाक मारली. वही मी बारावीतल्या एका पोराकडे दिली. घड्याळं मात्र द्यायला विश्वासू माणूस नव्हता. डाव्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत नऊ घड्याळं घालून मी सीमारेषेवर उभा राहिलो आणि दुसऱ्याच षटकात चेंडू उंच माझ्याकडे आला. चेंडूपेक्षा मला घड्याळांचीच काळजी जास्त होती. धावलो, वाकलो, धरला. समोरच्या संघाचा तो खंदा फलंदाज. सामना आम्ही जिंकलो.

संध्याकाळी वही उघडून पाहिली. "झे. बदली."

"अरे, नाव लिही की!"

"नियम आहे दादा. बदलीचं नाव येत नाही."

पोरगं बरोबर होतं. नियमच तो. पुढे बँकेत लागल्यावर दुसरा नियम कळला. हिशेब जुळला की सही कुणाची ते कुणी पाहत नाही. दोन रुपये कमी आले की सही आधी शोधतात. मैदानावरही हेच चालतं. अडवलेल्या चार धावा कुठल्याच खात्यावर जमा होत नाहीत, सुटलेला झेल मात्र नावानिशी वर्षानुवर्षं येणे दिसतो. २५ जून १९८३ रोजी, पुन्हा लॉर्ड्सवरच, कपिलदेवने उलटं धावत व्हिव्हियन रिचर्ड्सचा झेल धरला. सुटला असता तर? आणि त्याच विश्वविजेत्या चौदांमधला सुनील वॉल्सन स्पर्धेत एकही सामना खेळला नाही. पुढेही भारतातर्फे कधी नाही. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये शेवटच्या षटकात १६ धावा हव्या असताना मिलरचा षटकार सूर्यकुमार यादवने सीमेवर झेलला, चेंडू आत उडवला, स्वतः दोरीबाहेर जाऊन परत आला आणि पुन्हा पकडला. गुरुजी त्या रात्री झोपले नाहीत. शेटजी म्हणाले, "पण यशस्वी जैस्वाल, संजू सॅमसन, चहल, एक मॅच नाही ओ तिघांना!"

वाद असाच जन्मभर चालला असता. पण २०२५ साली महिलांची विश्वचषक स्पर्धा आली. २६ ऑक्टोबरला, नवी मुंबईत बांगलादेशाविरुद्ध, सलामीची प्रतिका रावल सीमेजवळ चेंडू अडवताना घोटा दुखावून बसली. स्पर्धेत तिच्या ३०८ धावा झाल्या होत्या. तिच्या जागी मूळ पंधरांत नसलेली शफाली वर्मा आली.

"धावा वाचवायला गेली आन् पाय गेला," गुरुजी हळहळले.

"फळीवर कोण आहे ते आता कळंल," शेटजी म्हणाले.

२ नोव्हेंबरचा अंतिम सामना. पावसाने उशिरा सुरू झाला, मध्यरात्रीपर्यंत चालला. शफाली ८७ धावा आणि वर दोन बळी. लॉरा वोल्वार्डट १०१ धावांवर असताना तिचा उंच उडालेला झेल अमनजोत कौरच्या हातात एकदा नाचला, दोनदा नाचला आणि अखेर बसला. आपण ५२ धावांनी जिंकलो.

आणि या संघाचा प्रशिक्षक कोण? अमोल मुजुमदार. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, तेव्हा शारदाश्रमच्या तंबूत पॅड बांधून पुढच्या नंबरवर बसून राहिलेला मुलगा. पुढे रणजी पदार्पणातच २६०, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा आणि भारतातर्फे एकही सामना नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर दोन्ही पक्षांचे जाहीरनामे संपले होते. प्रतिकाला मैदानावर पदक मिळालं नाही, कारण नियमाप्रमाणे पदकं पंधरांनाच आणि ती आता पंधरांत नव्हती. (नंतर ते तिला मिळालं.) ती चाकांच्या खुर्चीत बसून सर्वांबरोबर आनंद करत होती. यावर काय बोलावं ते गुरुजींनाही सुचेना, शेटजींनाही. ती शांतता पाहून मी माझ्या झेलाची गोष्ट सांगून टाकली, घड्याळांसकट.

"दोन हातांनी?" गुरुजींनी विचारलं.

"दोन हातांनी."

"वाकून?"

"वाकून."

"आन् नाव नाही लावलं?" शेटजी खवळले. "आवो, असं कसं! मामा, यांचा चहा आज माझ्याकडं."

मामांनी उधारीची डायरी उघडली. मी सहज डोकावलो. गुरुजींचं पान त्यांच्या नावाने, शेटजींचं त्यांच्या नावाने. माझ्या पानावर वर ठळक अक्षरात लिहिलं होतं : "बँकवाले, बदली."

"नाव ठावं नव्हतं बघा," मामा ओशाळून म्हणाले. "बदलीवर आलेत एवढंच म्हायती. सांगा, आता लिवतो."

मी नाव सांगितलं. मामांनी मन लावून ते लिहून घेतलं, माझ्याकडून एकदा वाचून घेतलं, आणि त्याखाली त्या दिवशीचे तीन चहा मांडले. शेटजी बोलण्याच्या भरात केव्हाच दुकानावर गेले होते.