निळ्या नळीपासून रक्ताच्या थेंबापर्यंत

आमच्या वडिलांच्या फडताळात एक परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली असे. पाच मिलिलिटर द्रावणात मूत्राचे आठ थेंब टाकून उकळायचे. रंग विटकरी झाला तर साखर फार. निळा राहिला तर घर निर्धास्त. एके पहाटे वडील घामाने भिजून असंबद्ध बोलू लागले. नळी मात्र निळीच होती. चमचाभर साखरेने ते सावरले.

नळी खोटे बोलली नव्हती. तिला विचारलेला प्रश्नच अपुरा होता. मूत्रात साखर उतरते ती साधारणतः रक्तातील प्रमाण दर डेसिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर. त्याखाली ते प्रमाण योग्य आहे की धोकादायक, हे नळीला कळत नाही.

मूत्राच्या गोडीकडे मुंग्या धावतात, हे चरकसंहितेलाही ठाऊक होते. १७७६ साली इंग्लंडमधील मॅथ्यू डॉब्सन यांनी मूत्र आटवून साखर दाखविली आणि रुग्णाच्या रक्तद्रवातही गोडी असल्याचे नोंदविले. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे लिओनार्ड टॉम्पसन या मुलाला इन्शुलिन टोचले गेले आणि मरणाच्या दारातील रुग्ण जगू लागले. परंतु औषध आले तरी मोजमाप अनेक दशके नळीपाशीच अडले.

१९७० च्या सुमारास रक्ताच्या थेंबावरून साखर मोजणारे यंत्र निघाले. ते मिळे केवळ डॉक्टरांना. अमेरिकेतील मधुमेही अभियंता रिचर्ड बर्नस्टाइन यांनी डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावे ते मागविले, दिवसातून अनेकदा स्वतःचे रक्त तपासले आणि आहार व इन्शुलिन यांचा मेळ घातला. आकडा प्रथमच रुग्णाच्या हाती आला.

या खटाटोपाचे फळ १९९३ साली सिद्ध झाले. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या अभ्यासात काटेकोर नियंत्रणाने डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांची हानी पुष्कळ कमी झाली. मात्र साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले.

म्हणजे नियंत्रण हे केवळ आकडा खाली आणणे नव्हे; तो दोन्ही काठांच्या मध्ये राखणे होय. आमच्या वडिलांना हा दुसरा काठ दाखविणारे साधन त्या पहाटे घरात नव्हते. आज ते असूनही आपण ते कपाटात ठेवून देणार असू, तर दोष नळीचा म्हणता येणार नाही.